१९७१ च्या शौर्यपदकविजेत्या नौदल अधिकाऱ्याची नोंद: शोधावी कशी, पडताळावी कशी, लिहावी कशी

४ डिसेंबर, म्हणजे नौदल दिन, जवळ आला की शाळा, ग्रामपंचायती, गृहनिर्माण संस्था आणि कुटुंबं आपल्या माणसाची माहिती गोळा करायला लागतात. कुठे फलक लावायचा असतो, कुठे स्मरणिका काढायची असते, तर कुठे नातवंडांसाठी दोन पानं लिहून ठेवायची असतात. बहुतेक वेळा जे लिहिलं जातं त्यात हुद्दा चुकतो, नौकेचा फोटो भलत्याच नौकेचा असतो आणि पदक नेमकं कशासाठी मिळालं ते एका वाक्यातही सांगितलेलं नसतं. शौर्यपदक 'थोर कारकिर्दी'साठी मिळत नाही. ते एका ठरावीक रात्री, एका ठरावीक नौकेवर केलेल्या एका कृतीसाठी मिळतं. ती कृती अचूक मांडणं हाच त्या माणसाचा मान आहे, आणि पुढची सगळी खटपट त्यासाठीच आहे.

आधी ओळख पक्की करा

कोऱ्या कागदावर या गोष्टी लिहा: संपूर्ण नाव, कृतीच्या वेळचा हुद्दा, अधिकारी क्रमांक, नौका किंवा तुकडी, तिथली जबाबदारी, पदकाचं नाव, कृतीची तारीख, पदक हयातीत की मरणोत्तर. माहीत नसेल ती जागा रिकामी सोडा. अंदाजाने भरलेली जागा पुढे खरी मानली जाते आणि मग ती खोडायला कोणी धजत नाही.

नावाच्या स्पेलिंगवर पहिला अर्धा दिवस खर्च झाला तरी चालेल. सरकारी नोंदी इंग्रजीत आहेत आणि मराठी नावं तिथे वेगळ्या तऱ्हेने तुटतात. महावीर चक्र विजेते कमांडर मोहन नारायण राव सामंत यांचं नाव कुठे नुसतं 'एम. एन. सामंत', कुठे 'एम. एन. आर. सामंत' असं सापडतं. वडिलांच्या नावातला 'राव' वेगळा शब्द झाला की आद्याक्षर वाढतं, आणि यादीत शोधणाऱ्याला वाटतं की हे दोन वेगळे अधिकारी आहेत. 'विक्रांत'चे कॅप्टन स्वराज परकाश यांच्या आडनावाचं स्पेलिंग 'प्रकाश'च्या नेहमीच्या स्पेलिंगपेक्षा वेगळं आहे. क्षेपणास्त्र नौका 'विनाश'चे लेफ्टनंट कमांडर विजय जेरथ यांच्या नावाचंही तसंच. त्यामुळे आडनावाने शोधा, मग आद्याक्षरांनी, मग नौकेच्या नावाने. तिन्ही वाटा एकाच माणसाकडे आल्या की पुढे चला.

पदक कोणतं, हे डोळ्यांनी ठरवा

घरात 'आजोबांना वीर चक्र होतं' असं सांगितलं जातं आणि पेटीत नौसेना पदक निघतं. उलटही होतं. दोन्ही सन्मान मोठेच आहेत, पण नोंद नेमकीच हवी.

परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही शत्रूसमोरच्या शौर्याची पदकं. ती २६ जानेवारी १९५० ला सुरू झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. अशोक, कीर्ती आणि शौर्य चक्र ही शत्रूसमोर नसलेल्या धाडसासाठी. १९६७ पर्यंत ती अशोक चक्र वर्ग १, २ आणि ३ या नावांनी ओळखली जात, म्हणून त्याआधीच्या कागदांत जुनंच नाव दिसेल. नौसेना पदक १९६० पासून दिलं जातं. परमवीर चक्र आजवर नौदलातल्या कोणालाही मिळालेलं नाही. त्यामुळे कुठल्याही मजकुरात 'नौदलाचे परमवीर' असं दिसलं की तो मजकूर बाजूला ठेवा. अशा चुकीचं मूळ बहुतेक वेळा परम विशिष्ट सेवा पदकात असतं. इंग्रजी आद्याक्षरं जवळजवळ सारखी दिसतात, पण ते पदक अतिउच्च दर्जाच्या सेवेसाठी आहे, रणांगणातल्या कृतीसाठी नाही. अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदकांचंही तसंच.

महावीर आणि वीर चक्र ही दोन्ही चांदीची, गोल, मध्ये पाच टोकांचा तारा आणि मधोमध सोनेरी मुलामा दिलेली राजमुद्रा अशी आहेत. समोरून पाहून फरक करू नका. पदक उलटा. मागच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजीत पदकाचं नाव कोरलेलं असतं, दोन्हींच्या मध्ये कमळं असतात. दुसरी खूण म्हणजे फीत. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी नारिंगी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी नारिंगी. नौसेना पदकाची फीत गडद निळी आणि मधोमध बारीक पांढरी रेघ. कृष्णधवल फोटोत मात्र निळा आणि नारिंगी हे दोन्ही रंग एकाच करड्या छटेत उतरू शकतात, तेव्हा फक्त जुन्या फोटोवरून वीर चक्र ठरवू नका.

छातीवरच्या फितींचा क्रमही वाचता येतो. पहिली फीत नेहमी शौर्याचीच असते असं नाही. मानक्रमात परम विशिष्ट सेवा पदक महावीर चक्राच्याही आधी येतं. म्हणूनच १९७१ मध्ये 'कमोर्टा' या युद्धनौकेचं नेतृत्व करून वीर चक्र मिळवलेले मनोहर प्रल्हाद आवटी पुढे व्हाईस अ‍ॅडमिरल झाले, तेव्हा त्यांच्या नावापुढे आधी परम विशिष्ट सेवा पदक आणि नंतर वीर चक्र लिहिलं जाई. युद्ध सेवा पदकांची मालिका १९८० ची आहे. १९७१ च्या कृतीसाठी ते पदक मिळाल्याचं कुठे लिहिलं असेल तर ते चूकच.

मोहिमेची पदकं दुर्लक्षित राहतात, पण त्यांच्यावरून आघाडी कळते. पूर्वी स्टार असेल तर पूर्वेकडचं युद्धक्षेत्र, पश्चिमी स्टार असेल तर पश्चिमेकडचं. संग्राम पदक १९७१ च्या युद्धकाळातल्या सेवेसाठी आहे. '१९६५ लाही लढले होते' असं घरी सांगत असतील तर समर सेवा स्टार किंवा रक्षा पदक शोधा. एखाद्या फितीवर कमळाच्या पानाचं छोटं चिन्ह दिसलं तर ते धुळीचा डाग समजून सोडू नका. तो 'मेन्शन इन डिस्पॅचेस'चा, म्हणजे लढाईच्या अहवालातल्या नामोल्लेखाचा मान आहे, आणि त्याचीही राजपत्रात नोंद असते.

हुद्दा: इथेच सगळ्यात जास्त चुका

नौदलातला कॅप्टन म्हणजे भूदलातला कॅप्टन नव्हे. नौदलाचा लेफ्टनंट भूदलाच्या कॅप्टनच्या बरोबरीचा, लेफ्टनंट कमांडर मेजरच्या, कमांडर लेफ्टनंट कर्नलच्या आणि कॅप्टन कर्नलच्या बरोबरीचा. 'खुकरी' या युद्धनौकेचे महेंद्रनाथ मुल्ला कॅप्टन होते, म्हणजे चौदाव्या फ्रिगेट स्क्वाड्रनची, युद्धनौकांच्या एका तुकडीची, जबाबदारी असलेले ज्येष्ठ अधिकारी होते. हे कळलं नाही तर वाचक त्यांना तरुण कनिष्ठ अधिकारी समजतो.

दुसरा गुंता असा की नौकेच्या प्रमुखाला, त्याचा हुद्दा काहीही असो, बोलताना सगळे 'कॅप्टन'च म्हणतात. क्षेपणास्त्र नौका 'निपात'चे बहादूर नरिमन कविना हे त्या अर्थाने कॅप्टन होते, पण हुद्द्याने लेफ्टनंट कमांडर. जुन्या सहकाऱ्याच्या बोलण्यातून 'आमचे कॅप्टन' आलं तर ते नेमणुकीचं नाव म्हणून टिपा, हुद्दा म्हणून नाही.

फोटोतल्या पट्ट्या मोजा: लेफ्टनंटला दोन, लेफ्टनंट कमांडरला दोन जाड आणि मध्ये एक बारीक, कमांडरला तीन, कॅप्टनला चार. सर्वात वरच्या पट्टीला वेटोळं असतं. फोटो अस्पष्ट असेल तर ती मधली बारीक पट्टी नाहीशी होते आणि लेफ्टनंट कमांडर लेफ्टनंट दिसू लागतो. शेवटच्या मजकुरात हुद्दा कृतीच्या वेळचा लिहा आणि निवृत्तीचा हुद्दा वेगळा द्या. आवटी १९७१ ला कॅप्टन होते. 'व्हाईस अ‍ॅडमिरल आवटींनी कमोर्टावरून' असं लिहिलं तर युद्धाचं चित्रच बदलतं.

शिक्षणाचीही एक ठरलेली चूक आहे. 'खडकवासल्याच्या एनडीएतून बाहेर पडले' हे वाक्य १९७१ च्या प्रत्येक अधिकाऱ्याला चिकटवलं जातं. ही राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्याला आली १९५४-५५ च्या सुमारास. त्याआधी, १९४९ पासून, देहरादूनला जॉइंट सर्व्हिसेस विंग ही प्रशिक्षण संस्था होती. आणि मुल्ला यांच्यासारखे १९४८ ला कमिशन मिळालेले अधिकारी तर या दोन्हींच्या आधीचे. कमिशनची तारीख पाहिल्याशिवाय संस्थेचं नाव लिहू नका.

राजपत्र आणि सायटेशन

सुरुवात संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावरून करा. तिथे सेवा, पदक आणि वर्ष निवडून शोधता येतं आणि बऱ्याच नावांपुढे सायटेशन, म्हणजे पदक कशासाठी दिलं ते सांगणारा अधिकृत मजकूर, दिलेलं असतं. पण तिथेच थांबू नका. तो मजकूर पुन्हा टंकित केलेला आहे. मूळ म्हणजे भारताचं राजपत्र.

पदकांच्या अधिसूचना राष्ट्रपती सचिवालयाच्या नावाने राजपत्राच्या भाग १, खंड १ मध्ये येतात. अधिसूचना क्रमांकात 'प्रेस' हा शब्द आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. संरक्षण मंत्रालयाच्या नेमणुका आणि बढत्या भाग १, खंड ४ मध्ये. हुद्द्याचा वाद असेल तर हा खंड उघडा, कारण कमांडरचा कॅप्टन कोणत्या तारखेपासून झाला ते तिथे छापलेलं असतं. १९७१ च्या युद्धाच्या पदकांसाठी १९७२ चे अंक पानोपानी बघायची तयारी ठेवा. जुने अंक ई-गॅझेटवर, म्हणजे राजपत्राच्या संकेतस्थळावर, न मिळाल्यास मोठ्या ग्रंथालयात जा. मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय हे कायद्याने प्रकाशनांच्या प्रती मिळणाऱ्या देशातल्या मोजक्या ग्रंथालयांपैकी आहे. त्या काळातली मराठी वृत्तपत्रं पाहायलाही तीच जागा.

सायटेशन हातात आलं की त्यातल्या तारखा वेगळ्या करा. कृतीची तारीख एक, अधिसूचनेची दुसरी, राष्ट्रपती भवनातल्या समारंभाची तिसरी. कौटुंबिक आठवणीत बहुधा तिसरी असते, कारण त्या दिवसाचा फोटो भिंतीवर असतो. नोंदीत पहिली मुख्य. राजपत्रात नावाखाली 'पदक लागू होण्याची तारीख' छापलेली असते, ती कृतीची तारीख.

सायटेशन हा सरकारी, आखीव मजकूर आहे. त्यात शत्रूच्या नौकांची नावं, क्षेपणास्त्रांचा प्रकार, नेमकी जागा हे गाळलेलं असतं, कारण ते लिहिलं तेव्हा युद्ध नुकतंच संपलं होतं. 'शत्रूच्या प्रखर माऱ्याला न जुमानता' हे शब्द अनेक सायटेशनांत जवळजवळ जसेच्या तसे येतात. त्याचा अर्थ कृती सामान्य होती असा नाही. तपशील दुसरीकडून आणावा लागेल, एवढाच.

ती रात्र उभी करणं

हा कामाचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात मोलाचा भाग. एका मोठ्या कागदावर डावीकडे वेळ, मध्ये घटना, उजवीकडे ती कुठून कळली ते, असे तीन रकाने आखा.

आधी नौका. नावं पुन्हा वापरली जातात आणि त्यातून फोटोंचे घोटाळे होतात. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'च्या हल्ल्यात बुडाली ती 'खुकरी' ब्लॅकवूड वर्गाची फ्रिगेट होती, तिचा क्रमांक एफ १४९. दुसरी 'खुकरी' १९८९ ला दाखल झालेली कॉर्व्हेट, क्रमांक पी ४९. निवृत्तीनंतर तीच दीवला दिली गेली, म्हणून 'दीव, खुकरी' असं शोधलं की तिचेच फोटो वर येतात आणि मुल्लांच्या लेखात जाऊन बसतात. नौकेच्या अंगावरचा क्रमांक वाचा. पण 'विक्रांत'ला ही युक्ती चालत नाही. जुनी आणि २०२२ ला दाखल झालेली नवी, दोघींचाही क्रमांक आर ११ च आहे. तिथे डेकवरची विमानं पाहा: सी हॉक आणि अलिझे दिसली तर जुनी. सामंत ज्या 'करंज' पाणबुडीचे पहिले प्रमुख होते ती १९६९ ची, आजची 'करंज' २०२१ ची.

मग माणूस नौकेवर नेमका कोण होता ते ठरवा. ४ आणि ५ डिसेंबरच्या दरम्यानच्या रात्री कराचीवर झालेल्या ऑपरेशन ट्रायडंटमध्ये 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन क्षेपणास्त्र नौका होत्या, सोबत 'किल्तान' आणि 'कच्छल' या युद्धनौका. 'निपात'वर कविना नौकेचे प्रमुख होते आणि स्क्वाड्रनचे प्रमुख कमांडर बब्रुभान यादवही त्याच नौकेवर होते. एकाच नौकेवरचे दोन अधिकारी, दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आणि दोन वेगळी पदकं: यादवांना महावीर चक्र, कविनांना वीर चक्र. 'निपात'ने केलेलं सगळं एकाच्या नावावर लिहिलं तर दुसऱ्यावर अन्याय होतो. 'किल्तान'वरचे कमांडर गोपाळ राव यांचं महावीर चक्रही याच रात्रीचं.

नौदल अधिकारी असला म्हणजे नौकेवरच असणार हेही गृहीत धरू नका. अरुण प्रकाश यांना वीर चक्र मिळालं ते हवाई दलाच्या २० व्या स्क्वाड्रनमधून हंटर विमान उडवताना. लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांचं महावीर चक्र 'विक्रांत'वरच्या सी हॉक स्क्वाड्रनच्या, म्हणजे आयएनएएस ३०० च्या नेतृत्वासाठी. आणि सामंतांची कृती तर पद्मा, पलाश अशा छोट्या गनबोटींच्या तुकडीच्या नेतृत्वाची, मोंगला-खुलनाच्या नदीमार्गातली.

वेळेचा हिशेब न केल्यामुळे दोन खऱ्या नोंदी एकमेकींविरुद्ध उभ्या राहतात. भारतीय वेळ पश्चिम पाकिस्तानच्या तेव्हाच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे आणि पूर्व पाकिस्तानच्या वेळेपेक्षा अर्धा तास मागे. भारतीय नोंदीतले २०:५० म्हणजे कराचीच्या नोंदीत २०:२० आणि ढाक्याच्या नोंदीत २१:२०. नौदलाच्या संदेशात सहा आकडे आणि शेवटी अक्षर असतं: पहिले दोन तारीख, पुढचे चार वेळ. अक्षर 'झेड' असेल तर ती ग्रीनिच वेळ, त्यात साडेपाच तास मिळवा. ०४१४३० झेड म्हणजे ४ तारखेला भारतीय वेळ रात्री ८. मध्यरात्रीनंतरच्या घटनांना तारीख बदलते, म्हणून '४ डिसेंबरची रात्र' न लिहिता '४ आणि ५ डिसेंबरच्या दरम्यानची रात्र' लिहा.

अंतरं सागरी मैलांत असतात. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा. जमिनीवरचा १.६०९ किलोमीटरचा मैल धरून गुणाकार केला तर १०० मैलांमागे सुमारे २४ किलोमीटरची चूक होते. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. २५ नॉट म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटर. 'ताशी २५ नॉट' असं लिहू नका, 'ताशी' त्या शब्दातच आहे.

समोरच्या बाजूचं काय

शत्रूच्या नोंदी वाचल्याने आपल्या माणसाचं शौर्य कमी होत नाही, उलट पक्कं होतं. ट्रायडंटमध्ये 'निर्घात'च्या क्षेपणास्त्रांनी विनाशिका 'खैबर' आणि 'वीर'च्या क्षेपणास्त्राने सुरुंगशोधक 'मुहाफिझ' बुडाली, हे दोन्ही बाजू मान्य करतात. पाकिस्तानी विनाशिका 'शाहजहान' मात्र काही मराठी मजकुरांत 'बुडवली' असं येतं. तिथे 'जबर नुकसान' एवढंच लिहा. विशाखापट्टणमजवळ ३ आणि ४ डिसेंबरच्या रात्री बुडालेल्या पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी'बद्दल भारतीय बाजू 'राजपूत' या युद्धनौकेने टाकलेल्या डेप्थ चार्जना, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बना, श्रेय देते, तर पाकिस्तानी बाजू पाणबुडीच्या स्वतःच्या सुरुंगाच्या स्फोटाकडे बोट दाखवते. दोन्ही लिहा, कोणाचं म्हणणं कोणतं ते स्पष्ट लिहा आणि निवाडा देण्याचा मोह टाळा. 'राजपूत'चे लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांचं वीर चक्र या वादाने बाधित होत नाही. ते मिळालं ही नोंद आहे, त्यात वाद नाही.

पूर्वेकडच्या अधिकाऱ्यांसाठी बांगलादेशच्या नोंदी फार कामाच्या आहेत आणि आपल्याकडे त्या कोणी उघडतच नाही. १० डिसेंबरला खुलनाजवळ पद्मा आणि पलाश या गनबोटींवर आपल्याच विमानांकडून चुकून हल्ला झाला. त्याच दिवशी पलाशवर वीरमरण आलेले रुहुल अमीन यांना बांगलादेशचा सर्वोच्च 'बीर श्रेष्ठ' सन्मान आहे. सामंत, 'पनवेल' नौकेचे लेफ्टनंट कमांडर नोरोन्हा आणि लीडिंग सीमन चिमण सिंग या तिघांची महावीर चक्रं समजून घ्यायची तर ढाक्याच्या बाजूची कहाणीही समोर हवी. आपल्याच विमानांचा हल्ला हा भाग अवघड वाटतो म्हणून वगळला जातो. तो वगळला की जळत्या बोटींमधून माणसं बाहेर काढणाऱ्यांनी काय सोसलं तेच पुसलं जातं.

घरातली पेटी

पदक आधी घासू नका. ब्रासोसारख्या पॉलिशने चांदी झिजते, राजमुद्रेवरचा सोनेरी मुलामा निघतो आणि कडेवर नाव कोरलेलं असेल तर ते पुसट होत जातं. ते कोरीव नावच तुमचा पुरावा आहे. सुती हातमोजे घालून मऊ कोरड्या कापडाने धूळ टिपा. कडेचा फोटो घेताना दिवा एका बाजूने, अगदी कमी कोनातून धरा, सावलीमुळे अक्षरं उठून दिसतात. फ्लॅश वापरला तर चांदी चमकते आणि काही दिसत नाही. फीत उन्हात फिकी पडते, म्हणून फ्रेम खिडकीसमोर टांगू नका. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांऐवजी आम्लरहित कागदात गुंडाळा आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ती दर पावसाळ्यात बदलायला लागते.

फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, पुढची आणि मागची दोन्ही बाजू. मागे लिहिलेली तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का कधीकधी सायटेशनपेक्षा जास्त सांगतो. नवी नोंद करायचीच असेल तर मऊ पेन्सिलने कडेला करा. बॉलपेनने पुढच्या बाजूला चर उमटतो.

सहकाऱ्यांशी बोलताना

१९७१ ला नौकेवर असलेले लोक आज सत्तरी ओलांडलेले आहेत. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. पहिला प्रश्न 'काय झालं?' हा नसावा. 'लढाईच्या वेळी तुमची जागा कुठे होती?' इथून सुरू करा. इंजिन रूममधला माणूस ब्रिजवर, म्हणजे नौका जिथून चालवली जाते तिथे, काय झालं ते पाहू शकत नाही. त्याला धक्का, आवाज, दिवे जाणं आणि ब्रिजवरून इंजिनला सूचना देणाऱ्या टेलिग्राफवरचा हुकूम आठवतो. ते त्याचं स्वतःचं, अस्सल ज्ञान आहे. ब्रिजवरच्या संभाषणाबद्दल तो सांगतो ते त्याने नंतर ऐकलेलं असतं. दोन्ही टिपा, पण वेगवेगळ्या रकान्यात. नौकेचा आराखडा छापून समोर ठेवलात तर आठवण नेमकी होते.

बुडालेल्या नौकेतून वाचलेल्या माणसाला मृतांबद्दल खोदून विचारू नका. 'खुकरी'वर १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. वाचलेल्यांना त्यातली नावं माहीत आहेत. ते जेवढं सांगतील तेवढं घ्या आणि ध्वनिमुद्रणाला आधी परवानगी मागा.

पत्ता मिळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करा. ते थेट पत्ता देणार नाहीत आणि देऊही नये, पण तुमचं पत्र पुढे पाठवायची विनंती करता येते. मुंबईची मेरीटाईम हिस्टरी सोसायटी, जिची स्थापना आवटींनीच १९७८ मध्ये केली, सागरी इतिहासाच्या अशा कामात वाट दाखवू शकते.

सरकारी दप्तर

माहिती अधिकाराचा अर्ज नौदल मुख्यालयाला ऑनलाइन करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, प्रतींना पानामागे २ रुपये. 'अमुक अधिकाऱ्याची सर्व माहिती द्या' असा अर्ज बहुधा नाकारला जातो. मागणी बारीक करा: अमुक अधिसूचनेने प्रसिद्ध झालेल्या सायटेशनची प्रत, अमुक तारखेला अमुक नौकेवरील नेमणूक, अमुक मोहिमेच्या अहवालातील संबंधित परिच्छेद. कलम ८(३) चा उल्लेख जरूर करा: वीस वर्षांपेक्षा जुन्या घटनांची माहिती, देशाच्या सुरक्षिततेसारखे काही अपवाद सोडून, नाकारता येत नाही. वैद्यकीय आणि शिस्तीच्या नोंदी मागू नका. त्या मिळणार नाहीत आणि तुमच्या कामाच्याही नाहीत. नकार आला तर ३० दिवसांत पहिलं अपील. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वरही एकदा शोधून पाहा.

अधिकारी १९४७ पूर्वीच्या रॉयल इंडियन नेव्हीतला असेल तर वाट वेगळी आहे. तेव्हाच्या पदकांची नोंद लंडन गॅझेटमध्ये आणि शिफारसी ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अ‍ॅडमिरल्टी दप्तरात. १९७१ ला पूर्व नौदल कमांडचे प्रमुख असलेले व्हाईस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन यांचा डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस दुसऱ्या महायुद्धातला, म्हणून तो भारताच्या राजपत्रात शोधून सापडणार नाही.

लिहिताना

पहिल्या परिच्छेदात कृती, दुसऱ्यात ती का अवघड होती, मग माणूस. जन्म, गाव, शाळा शेवटी. सुरुवात जन्मापासून केली की वाचक पदकापर्यंत पोचतच नाही. नमुना असा:

'कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, भारतीय नौदल, महावीर चक्र (मरणोत्तर). चौदाव्या फ्रिगेट स्क्वाड्रनचे प्रमुख आणि "खुकरी"चे कप्तान. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाणबुडीचा शोध घेत असताना नौकेवर टॉर्पेडो आदळला. नौका सोडण्याचा हुकूम दिल्यावर त्यांनी माणसांना बाहेर काढण्याची व्यवस्था केली आणि स्वतः नौकेबरोबर गेले.'

यात एकही विशेषण नाही, आणि गरजही पडत नाही. कोणी स्वतःच्या कानांनी न ऐकलेले संवाद रचू नका. 'शेवटचे शब्द' म्हणून फिरणारी वाक्यं साक्षीदार सापडल्याशिवाय घेऊ नका. 'शहीद' किंवा 'हुतात्मा' यांपैकी कुटुंबाला जो शब्द हवा तो वापरा. अधिकृत नोंदीचा शब्द मात्र 'मरणोत्तर' हाच.

फलक असेल तर दगड कोरायला देण्याआधी मजकूर दोन माणसांना मोठ्याने वाचायला लावा: एक कुटुंबातला, एक नौदलात राहिलेला. पहिला नाव पकडतो, दुसरा हुद्दा. कोरणाऱ्याला हस्तलिखित देऊ नका, टंकित मजकूर द्या आणि कोरण्याआधी त्याने दगडावर रेखलेल्या अक्षरांचा फोटो मागून घ्या. जोडाक्षरं तिथेच बिघडतात. कागदी नोंदीच्या शेवटी कोणती माहिती कुठून घेतली आणि कोणती जागा अजून रिकामी आहे ते लिहून ठेवा. एक प्रत कुटुंबाला, एक गावच्या ग्रंथालयाला द्या.